घरच्या घरी आयरिश स्टू: मसाल्याच्या डब्याला हात न लावता

मटण, बटाटे, कांदे, पाणी, मीठ, मिरी. आयरिश स्टूचं मूळ सामान एवढंच. त्यात थाइमच्या दोन काड्या आणि वरून मूठभर चिरलेली पार्सली पडली की यादी संपली. हळद नाही, आलं-लसूण नाही, वाटण नाही, फोडणीही नाही. पहिल्यांदाच करणाऱ्या मराठी माणसाला साहजिकच वाटतं की यात काहीतरी राहिलंय. मग पातेल्यात तमालपत्र पडतं, त्याच्या मागोमाग दोन लवंगा जातात, आणि शेवटी जे तयार होतं ते ना धड आपलं ना त्यांचं. म्हणून सगळ्यात महत्त्वाची सूचना सुरुवातीलाच सांगून ठेवते: मसाल्याचा डबा बंद राहू द्या. या पदार्थाला चव येते ती हाडातून, थोड्या चरबीतून, विरघळलेल्या कांद्यातून आणि मंद आचेवर घालवलेल्या वेळातून.

आपल्याकडे मटण शिजत आलं की मसाला पडण्याआधी लहान मुलांसाठी वाटीभर अळणी पाणी बाजूला काढतात. त्या वाटीची चव जिला किंवा ज्याला आठवते, त्याला हा पदार्थ समजायला वेळ लागणार नाही.

हा पदार्थ असा का

आयर्लंड हा पावसाचा आणि गवताचा देश. तिथे मेंढ्या पाळायच्या त्या लोकरीसाठी आणि दुधासाठी. कोवळं कोकरू कापून खाणं गरिबाला परवडणारं नव्हतं. भांड्यात जायची ती वय झालेली मेंढी. तिचं मांस चिवट, पण चवीला दांडगं. ते मऊ करायचं तर तासन्‌तास मंद शिजवण्याला पर्याय नव्हता. जळणही नेमकं त्याच जातीचं होतं. दलदलीतून विटांसारखी कापून काढलेली आणि उघड्यावर वाळवलेली पीटची ढेकळं भडकत नाहीत, सावकाश धुमसत राहतात. चुलीवर आडव्या लोखंडी दांड्याला तीन पायांचं बिडाचं भांडं टांगलेलं असायचं. आच वाढवायची किंवा कमी करायची तर भांडं खाली-वर करायचं.

बटाटा तिथे सोळाव्या शतकाच्या शेवटाला पोचला आणि पुढच्या दोनशे वर्षांत गरिबांचं मुख्य अन्न होऊन बसला. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर करपा पडला, आणि १८५२ पर्यंत चाललेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली. जे गेले त्यांच्याबरोबर हा स्टूही अटलांटिकपलीकडे पोचला. आज १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, जगभरच्या आयरिश पबांमध्ये तो मोठ्या थाटात वाढतात. खुद्द आयर्लंडमध्ये मात्र तो गारठ्याच्या कुठल्याही वारी घरी होणारा साधा पदार्थ आहे. त्यामुळे करताना दडपण घ्यायचं कारण नाही.

मटण कुठलं आणि कुठल्या भागाचं

अर्धा स्टू खाटकाच्या दुकानातच ठरतो, म्हणून इथे जरा थांबू.

आयर्लंड किंवा इंग्लंडमध्ये 'लॅम्ब' म्हणजे वर्षाच्या आतलं कोकरू, 'हॉगेट' म्हणजे वर्ष ते दोन वर्षांचं, आणि 'मटन' म्हणजे त्याहून मोठी मेंढी. जुना, खरा स्टू मटनाचा. हल्ली तिथल्या सुपरमार्केटात लॅम्बच दिसतं. मटन हवं असेल तर खाटकाला आधी सांगून ठेवावं लागतं, किंवा हलाल दुकानात विचारावं लागतं. डब्लिनला किंवा कॉर्कला नव्याने आलेल्यांसाठी एक गोष्ट: आयरिश खाटकाकडे 'जिगट चॉप्स' मागितले की खांद्याचे चाप मिळतात. फ्रेंच स्वयंपाकाचं वाचून तुम्ही ते मांडीचे समजाल, पण इथे तसं नाही. स्टूला हेच चाप हवेत, सोबत मानेचे तुकडे. कॉर्कला असाल तर १७८८ पासून चालू असलेल्या इंग्लिश मार्केटमध्ये जाऊन सरळ सांगा, 'स्टूसाठी हवंय'. पुढचं तो बघतो.

महाराष्ट्रात गोष्ट उलटी. आपल्या पाटीवरचं 'मटण' म्हणजे बहुतेक वेळा बोकड. मेंढीचं हवं असेल तर पुण्यात आणि आसपास 'बोल्हाईचे मटण' अशी पाटी लावलेलं दुकान शोधा. वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारी कित्येक घरं शेळी-बोकड खात नाहीत, मेंढीचंच खातात, आणि त्यांच्यासाठी ही दुकानं चालतात. आयरिश स्टू करायला निघालेल्या माणसाला याहून चांगला पत्ता मिळणार नाही. सांगली-सोलापूरकडे, धनगरांची वस्ती असलेल्या भागात, मेंढीचं मटण मिळणं त्याहून सोपं.

मेंढी नाहीच मिळाली तर बोकडाचं घ्या. स्टू चांगलाच होतो, फक्त थोडा सडसडीत. त्यात चरबी कमी असते आणि शिजायला वेळ जास्त लागतो. अशा वेळी खाटकाकडून दोन बोटं चरबीचा तुकडा आणि एखादी जास्तीची नळी मागून घ्या.

भाग कुठला? गर्दन आणि पुढचा दस्त, म्हणजे खांदा. दोन्हींत हाड आहे, चरबी आहे, आणि मुख्य म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट पांढरे पडदे आहेत. सावकाश शिजताना हेच पडदे विरघळून रश्श्याला ओठांना लागणारा किंचित चिकटपणा देतात. रानाचं, म्हणजे मागच्या मांडीचं, मटण दिसायला छान आणि महाग, पण दोन तासांनी ते दोऱ्यासारखं सुटतं आणि कोरडं लागतं. ते दुसऱ्या कशाला तरी ठेवा. तुकडे मोठे हवेत, पाच-सहा सेंटिमीटरचे, हाडासकट. आपला खाटीक सवयीने रश्श्याचे बारके तुकडे करायला घेतो, म्हणून सुरा उचलायच्या आतच त्याला सांगा.

मेंढीचा वास सोसत नाही असं म्हणणारे पुष्कळ असतात. तो वास बहुतांशी चरबीत असतो आणि जनावराच्या वयाबरोबर वाढत जातो. बाहेरची जाड चरबी सुरीने काढून टाकली, आत मांसाला धरून असलेली ठेवली, की वास बेताचा राहतो. हळद-दही लावून ठेवायची गरज नाही.

बाकीचं सामान

चार भुकेल्या माणसांसाठी:

- मटण, हाडासकट: १ किलो
- बटाटे: १ किलो
- कांदे: अर्धा किलो, म्हणजे मोठे तीन-चार
- पाणी: सुमारे १ लिटर
- मीठ: एकूण तीन ते चार छोटे चमचे, तीन टप्प्यांत
- मिरपूड: एक छोटा चमचा, पांढरी असेल तर उत्तम
- थाइम: ताज्या असतील तर दोन-तीन काड्या, वाळलेली असेल तर अर्धा छोटा चमचा
- पार्सली: मूठभर
- गाजरं: दोन, घालायची असतील तर

बटाट्यांचं काम इथे दुहेरी आहे. काही बटाट्यांनी विरघळून रस्सा दाट करायचा, काहींनी शेवटपर्यंत अख्खं राहायचं. आयर्लंडमध्ये यासाठी दोन जातींचे बटाटे घेता येतात. रूस्टर, कर्स पिंक यांसारखे पिठूळ बटाटे शिजले की फुलतात आणि कडा सोडतात. ते तळाला जातात. दुसऱ्या बाजूला घट्ट, ओलसर गराचे बटाटे आकार धरून ठेवतात. आपल्या मंडईत जातीचं नाव विचारलं तर भाजीवाला बहुधा गावाचं नाव सांगेल, त्यामुळे साधी खूण लक्षात ठेवा. नव्या हंगामाचा, पातळ सालीचा, नखाने साल सुटणारा बटाटा आकार धरतो. जुना, जाड सालीचा बटाटा पिठूळ निघतो. दोन्ही अर्धे-अर्धे घ्या. एकाच तऱ्हेचे मिळाले तरी अडत नाही, कारण कापण्याच्या पद्धतीने बराच फरक साधता येतो; ते पुढे येईलच.

कांदा आयर्लंडमध्ये पिवळसर सालीचा असतो. आपला लाल कांदा चालतो, पण तो तिखट असतो आणि रश्श्याला मळकट रंग देतो. पांढरा कांदा मिळाला तर तो घ्या. उन्हाळ्यात अलिबागच्या बाजूला रस्त्याकडेला ज्याच्या वेण्या टांगलेल्या असतात, आणि ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो गोडसर पांढरा कांदा या स्टूत फार सुंदर लागतो. आयरिश माणसाला तो हातात दिला तर तोही तक्रार करणार नाही.

पार्सलीऐवजी कोथिंबीर नको. कोथिंबीर पडताक्षणी पदार्थ आपल्या मुलखात येतो. पार्सली नसेल तर कांद्याची कोवळी पात बारीक चिरून घाला. आयरिश स्वयंपाकात पातीचा कांदा पुष्कळ वापरतात. थाइम नसेल तर पाच-सहा ओव्याचे दाणे, खरंच फक्त पाच-सहा, चुरडून घाला. थाइम आणि ओवा या दोन्हींच्या वासाचं मूळ थायमॉल या एकाच द्रव्यात आहे, त्यामुळे ही अदलाबदल वरवर वाटते तितकी विचित्र नाही. मात्र चिमूटभर जास्त झाला की स्टूला पोटदुखीच्या औषधाचा वास येतो.

भांडं आणि आच

पाच लिटरचं जाड बुडाचं पातेलं आणि त्यावर घट्ट बसणारं झाकण. बिडाचं असेल तर फारच चांगलं. पातळ स्टीलचं असेल तर खाली जुना तवा ठेवा, बिर्याणीला दम देताना ठेवतो तसाच. शेगडीवरचा सगळ्यात लहान बर्नर वापरा.

आच हा या पदार्थातला खरा मसाला. मटणातले चिवट पडदे साधारण ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळू लागतात, पण त्याला तास-दोन तास द्यावे लागतात. पाणी रटरटा उकळू दिलं तर पडदे विरघळण्याआधीच स्नायू आकसून आतला रस पिळून टाकतात, चरबी रश्श्यात घुसळली जाऊन तो गढूळ होतो, आणि बटाट्यांच्या कडा झडतात. झाकण उचलून पाहिलं तर इकडे एक, तिकडे एक असा सुस्त बुडबुडा वर यायला हवा. त्याहून जोरात काही चाललं असेल तर आच जास्त आहे.

पहिला टप्पा: गार पाण्यापासून

मटण धुऊन निथळून घ्या. पातेल्यात मटण आणि नळ्या ठेवून वर बोटभर येईल इतकं गार पाणी ओता, एक छोटा चमचा मीठ घाला आणि मध्यम आचेवर सावकाश उकळी येऊ द्या. गरम पाण्यात मटण टाकू नका. गार पाण्यापासून सुरुवात केली की करडा फेस वर जमतो आणि सहज काढता येतो; एकदम उकळत्या पाण्यात तोच फेस बारीक कणांत फुटून रश्श्यात मिसळतो.

पहिली दहा मिनिटं पळी हातात घेऊन उभं राहायचं आणि फेस काढत राहायचं. काही घरांत हे पहिलं पाणीच फेकून देतात आणि ताज्या पाण्यात पुन्हा सुरुवात करतात. रस्सा अगदी पांढराशुभ्र हवा असेल तर तसं करा. मला ते चवीचं नुकसान वाटतं. फेस गेला की पाणी स्वच्छच असतं.

दुसरा टप्पा: कांदे आणि विरघळणारे बटाटे

फेस यायचा थांबला की आच अगदी बारीक करा. कांद्यांच्या जाड फोडी करा, एका कांद्याच्या सहा-आठ, आणि मटणावर पसरा. निम्मे बटाटे, पिठूळ असतील ते, सोलून अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा आणि कांद्यांवर पसरा. चकत्या धुऊ नका. त्यांच्या अंगावरचं स्टार्च आपल्याला रश्श्यात हवंच आहे. थाइम, मिरपूड आणि आणखी एक चमचा मीठ घाला. झाकण लावा.

आता ढवळायचं नाही. मटण तळाशी, त्यावर कांदे, त्यावर बटाटे हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. चकत्या तळाशी गेल्या तर त्या बुडाला लागतात. फार वाटलं तर पातेलं दोन्ही कानांना धरून हलकंसं हलवा.

वेळ मटणावर अवलंबून. कोकराचं असेल तर एक तास. मोठ्या मेंढीचं असेल तर दीड ते पावणेदोन. बोकडाचं असेल तर तेवढाच किंवा त्याहून थोडा अधिक. घड्याळापेक्षा काट्याने बघा: काटा मांसात सहज शिरला पाहिजे, पण मांस अजून हाड सोडून पडता कामा नये. या अवस्थेला पोचल्याशिवाय पुढच्या टप्प्याला जाऊ नका, कारण त्यानंतर बटाटे शिजायला हवा तेवढाच वेळ हातात राहतो. पाणी फार आटलं तर कढत पाणी घाला, गार नको.

तिसरा टप्पा: अख्खे राहणारे बटाटे

उरलेले बटाटे सोलून, मोठे असतील तर अर्धे करून, लहान असतील तर तसेच, सगळ्यांच्या वर रचा. गाजरं घालायची असतील तर आता, अंगठ्याएवढे तुकडे करून. हे बटाटे रश्श्यात पूर्ण बुडायला नकोत. निम्मे वर राहिले तर वाफेवर शिजतात आणि फुटत नाहीत. त्यांच्यावर थोडं मीठ भुरभुरवा, झाकण लावा आणि पस्तीस ते चाळीस मिनिटं मंद आचेवर ठेवा.

तोवर खालच्या चकत्या जवळजवळ दिसेनाशा झालेल्या असतील. रस्सा किंचित दाट, पांढुरका, पळीच्या मागच्या बाजूला पातळ थर धरणारा झाला की झालं. तो पिठल्यासारखा घट्ट व्हायचा नाही. पातळ वाटला तर एक-दोन बटाटे कडेला दाबून रश्श्यात मिसळा. कॉर्नफ्लॉवर घालू नका; त्याने रस्सा चकचकीत आणि बेचव होतो.

चौथा टप्पा: विसावा, तवंग, चव

गॅस बंद करून पंधरा मिनिटं झाकण न उघडता ठेवा. मग पळी तिरकी धरून वरचा तवंग काढा. सगळा नको, चमचाभर राहू द्या. मेंढीची चरबी लवकर थिजते, ताटलीत ती पांढरी होऊन टाळूला चिकटते, म्हणूनच ही उठाठेव.

आता चव बघा. अळणी वाटलं, आणि पहिल्या वेळी हमखास वाटेल, तर मीठ घाला. किलोभर बटाटे मीठ किती पितात याचा आधी अंदाज येत नाही. चिमूट-चिमूट मीठ घालत गेलात की एका क्षणी मटणाची चव एकदम पुढे येते. तिथे थांबा. मग मिरपूड, आणि अगदी शेवटी पार्सली.

कुकरमध्ये?

होतो. पण सगळं एकत्र भरून सहा शिट्ट्या काढल्या तर बटाट्यांचा लगदा आणि मटणाच्या चिंध्या मिळतील. पहिला टप्पा उघड्या कुकरमध्ये करा, फेस काढा, कांदे आणि चकत्या घाला, मग झाकण लावा. पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करून कोकराच्या मटणाला बारा-पंधरा मिनिटं, बोकडाला वीस-पंचवीस. वाफ आपोआप जिरू द्या. नंतर अख्खे बटाटे घालून झाकण नुसतं ठेवून, शिट्टीशिवाय, अर्धा तास शिजवा. रस्सा पातेल्यातल्याइतका नितळ होत नाही, पण बुधवारी रात्री आठ वाजता घरी पोचणाऱ्याला ते सोसण्यासारखं आहे.

ओव्हन असेल तर दुसऱ्या टप्प्यापासून पातेलं झाकणासकट १६० अंशांवर ठेवा. सगळ्या बाजूंनी सारखी आच मिळते, बुडाला लागायची भीती नाही. मला हीच पद्धत सगळ्यात आवडते.

गाजराचा वाद आणि इतर भांडणं

आयरिश माणसांत बसून स्टूत गाजर घालावं का, एवढं विचारा आणि मजा बघा. कर्मठ पक्ष म्हणतो मटण, बटाटा, कांदा, बस. गाजराने रस्सा गोड होतो आणि रंग बिघडतो. दुसऱ्या पक्षाच्या आज्या आयुष्यभर गाजर घालत आल्या. कॉर्कच्या पूर्वेला बॅलीमलू हाउस आहे. मर्टल ॲलन यांनी १९६४ साली तिथे रेस्टॉरंट सुरू केलं आणि आयर्लंडच्या घरगुती जेवणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. तिथल्या स्टूत गाजर असतं आणि मटणही आधी त्याच्याच चरबीत परतून घेतलेलं असतं. म्हणजे गाजर घातल्याने कुणी तुम्हाला बाहेर काढणार नाही. माझं मत: पहिल्या वेळी गाजर घालू नका, मटणही परतू नका. नुसता पांढरा स्टू एकदा खाऊन बघा, मग हवे ते बदल करा.

बार्लीचं भांडण सौम्य आहे. दोन मोठे चमचे बार्ली, म्हणजे आपले सालं काढलेले जव, दुसऱ्या टप्प्यात घातले तर रस्सा अधिक दाट होतो आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. मग बटाटे थोडे कमी घ्या.

गिनेस या काळ्या बिअरचा स्टू मात्र वेगळा पदार्थ आहे. तो गोमांसाचा, काळपट, किंचित कडवट. पर्यटकांच्या पबांत तो जास्त दिसतो, त्यामुळे आयरिश स्टू म्हणजे बिअर घातलेला स्टू असा समज पसरलाय. आपल्या पातेल्यात बिअर जाणार नाही.

वाढताना, आणि सोबतची सोडा ब्रेड

खोलगट वाडगे आधी गरम पाण्याने गरम करून घ्या, पुन्हा त्या थिजणाऱ्या चरबीसाठीच. प्रत्येकाला दोन-तीन तुकडे मटण, दोन बटाटे, वर रस्सा. हाड हाताने धरून खाल्लं तर कुणी भुवया उंचावत नाही.

भाताबरोबर खाऊ नका असं म्हणणार नाही, पण बटाट्यावर भात जडच होतो. याची खरी जोडीदार सोडा ब्रेड. आयर्लंडच्या हवेत पिकणारा गहू मऊ, कमी चिवटपणाचा. यीस्टच्या पावाला तो साथ देत नाही, पण खाण्याच्या सोड्याला आणि ताकाला छान देतो. करायला पीठ भिजवण्यापलीकडे कौशल्य लागत नाही.

सव्वादोनशे ग्रॅम कणीक, तेवढाच मैदा, एक सपाट छोटा चमचा खाण्याचा सोडा, एक छोटा चमचा मीठ. सोड्याची गुठळी राहू देऊ नका, चाळूनच घ्या. साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर आंबट, दाटसर ताक एकदम मध्ये ओता. आपलं पंगतीतलं पातळ ताक नको. आंबट दही थोडं पाणी घालून घुसळा. हाताने जेमतेम गोळा होईल एवढंच मिसळा. इथे पोळ्यांच्या कणकेची सवय आड येते: हे पीठ मळायचं नाही, तिंबायचं नाही, झाकून ठेवायचं नाही. ताक पडल्याबरोबर सोड्याचा वायू सुटायला लागतो, आणि तो निघून जायच्या आत गोळा ओव्हनमध्ये जायला हवा. म्हणून ओव्हन आधीच २२० अंशांवर तापवून ठेवा. चार सेंटिमीटर उंच गोल थापा, सुरीने वर खोल फुली मारा, पंधरा मिनिटं भाजा, मग २०० अंशांवर आणखी पंचवीस-तीस मिनिटं. उलटी करून बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाली. लोणी सढळ हाताने लावा.

उरलं तर

उरेल इतकाच करा, कारण दुसऱ्या दिवशी रस्सा जास्त मुरतो. दोन तासांच्या आत गार करून फ्रिजमध्ये ठेवा; मोठ्या पातेल्यात तो लवकर निवत नाही, म्हणून उथळ भांड्यात काढा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर जमलेला असेल, तो चमच्याने उचलून टाकता येतो. खालचा रस्सा जेलीसारखा थरथरला तर हाडं चांगली निवडली होती असं समजा. गरम करताना मंद आचच ठेवा, लागेल तसं थोडं पाणी घाला आणि एकदा नीट वाफ येऊ द्या. दोन-तीन दिवसांत संपवा. फ्रीझरमध्ये टाकायचं असेल तर बटाटे आधी काढून घ्या, कारण गोठून वितळलेला बटाटा भुसभुशीत आणि पाणचट होतो. नुसतं मटण आणि रस्सा गोठवा, आणि खायच्या दिवशी ताजे बटाटे त्यातच शिजवा.